बिनखुणेची भाकरी

मे महिना लागला की माझ्या तोंडाची चव जाते. घरच्यांना वाटतं, उन्हानं. उन्हानं जायची असती तर मार्चमध्येच गेली असती. आदिलाबादचं ऊन काही मे महिन्याची वाट बघत बसत नाही. मार्च-एप्रिलात मी छान जेवते, कैरीला तिखटमीठ लावून चाटते, वांग्याचं भरीत असलं की एक भाकरी जास्त खाते. मे लागतो, शाळांच्या भिंतींवर शिक्षक प्रशिक्षणाची कापडं लागतात, आणि ताटातली भाकरी मला बघवत नाही. प्रशिक्षणाचाही एक मोसम असतो, हे शाळेत जन्म गेलेल्या माणसालाच कळेल.

माझी सून सुवर्णा सरकारी शाळेत शिकवते. परवा प्रशिक्षणाहून आली ती खुशीतच. फाइल खाटेवर टाकली, पंख्याखाली बसली आणि सांगायला लागली, "आई, आज तं लय मजा आली. सगळ्याइचे डबे एकत्र केले. ज्याले जो भेटला, त्यानं तो खाल्ला. कोनी कोनाचं इचारलं नाई."

मी विचारलं, "उरलं का काही?"

"उरते कुठं! सगळं सरलं."

"नीट पाह्यलं होतं तुनं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. सासूला ऊन लागलं असं तिला वाटलं असावं. उठून तिनं मला पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायले. पुढचं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

नव्वदीच्या सुरुवातीचा तो उन्हाळा. तलमडुगूच्या रस्त्याला, गावापासून थोडी आत, आमची शाळा होती. सरकारी नव्हे, एका ट्रस्टची. पुरोगामी शाळा म्हणून तिचा बोलबाला होता आणि आम्हीही ते मान वर करून सांगायचो. आमच्याकडे छडी नव्हती. पहिला-दुसरा नंबर नव्हता. मुलं गोलात बसायची, भिंतींवर गेरूनं बैल आणि कापसाची बोंडं काढायची. घरी मराठी, बाजारात उर्दू, कचेरीत तेलुगू अशी आमच्याकडची तऱ्हा. मुलांनी तीन भाषांची खिचडी करून उत्तर दिलं तरी आम्ही हसायचो नाही. माझे वडील आदिलाबादच्या बाजारात वांगी-मिरच्या विकायचे. त्यांची मुलगी अशा शाळेत बाई झाली याचा आमच्या आळीत केवढा तोरा होता. पाहुणे बघायला आले की आमची मुलं त्यांना निंबोणीखाली नेऊन बसवायची. पाहुणे डोळे पुसायचे. पाहुण्यांना डोळे पुसायला लावण्यात आमची शाळा फार तरबेज होती.

त्या वर्षी ट्रस्टनं ठरवलं की गावातल्या सगळ्या वस्त्यांमधली मुलं शाळेत यायला हवीत. आमच्याकडे मांगवाड्यातलं एकही मूल नव्हतं. का नव्हतं, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. मग लक्ष्मी आली. मांगवाड्यातलीच, आदिलाबादला राहून शिक्षकाची परीक्षा पास झालेली. वय बावीस-तेवीस, पाठीवर घट्ट वेणी, खांद्याला कापडी पिशवी. ट्रस्टनं तिला कच्ची घेतली होती. मेमधलं सात दिवसांचं प्रशिक्षण संपलं की सगळ्या शिक्षकांचं मत घ्यायचं आणि मग तिला पक्की करायची की नाही ते ठरवायचं. ती पक्की झाली तर तिच्या वाड्यातली सात-आठ पोरं जूनमध्ये पहिलीत येणार होती. त्यांच्या आयांनी तिला तसं सांगून ठेवलं होतं: "तू असशीन तं धाडतो." पहिलीचा वर्ग तिनं आणि मी मिळून सांभाळायचा होता. त्या पोरांची नावं तिनं एका वहीत लिहून आणली होती. मला दाखवली. एकाचं नाव वाचून मी हसले, तीही हसली. एवढं मला आठवतं आणि एवढंच आठवलं असतं तर बरं झालं असतं.

प्रशिक्षण कशाचं, तर याचंच. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना एकत्र कसं शिकवायचं, शाळेत कुणालाही परकं कसं वाटू द्यायचं नाही. हैदराबादहून एक मॅडम आल्या होत्या. सुती साडी, मोठं कुंकू, आवाज मऊ. सगळं हिंदीतून. "सब बच्चे अपने हैं," असं म्हणताना त्या छातीवर हात ठेवायच्या. लक्ष्मी धरून आम्ही आठजण शिक्षक. सकाळी आठला पत्र्याखाली गोल करून बसायचो, हात हातात धरून गाणं म्हणायचो, डोळ्यांना पट्टी बांधून एकमेकांना चालवायचो. खळ लावून रंगीत कागद चिकटवायचो. प्रत्येक प्रशिक्षणात एक बगीचा काढायचा असतो. लाल फूल, पिवळं फूल, निळं फूल, आणि खाली लिहायचं की बाग सगळ्यांची. ती फुलं मी स्वतः कातरलेली आहेत, दोन डझन तरी. आजही कुठे शाळेच्या भिंतीवर असा बगीचा दिसला की मी तिकडे पाठ फिरवते.

दुपारी पत्रा तापायचा. निंबोणीखाली पडलेल्या निंबोळ्या पायांनी चिरडल्या जायच्या आणि त्यांचा गोडूस, आंबट, चिकट वास सगळीकडे भरून राहायचा. त्यावर माशा. कुंपणाच्या बाभळीला कापसाच्या गाड्यांतून उडालेले रुईचे मळकट पुंजके अडकलेले असायचे. शेतांतून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, रानं उघडी पडलेली. गोलात शेजारच्याचा हात धरला की तो घामानं बुळबुळीत असायचा. पण हात सोडायचा नाही, मॅडम रागवायच्या. लक्ष्मीच्या दोन्ही बाजूंचे हात मात्र गाणं संपण्याच्या किंचित आधी सुटायचे. हे मी बघितलं होतं. एका बाजूचा हात माझाच होता.

पहिल्याच दिवशी मॅडमनी भाकरीची टोपली काढली. म्हणजे कल्पना काढली. टोपली आमच्या वत्सलाबाईंची होती. वत्सलाबाई आमच्या मुख्याध्यापिका, गावातल्या किराणा दुकानदाराच्या घरातल्या. कल्पना अशी, की सगळ्यांनी घरून एकेक ज्वारीची भाकरी आणायची. ती एकाच टोपलीत ठेवायची, वरून एकच फडकं. जेवताना प्रत्येकानं एक घ्यायची, फक्त स्वतःची घ्यायची नाही. सात दिवस एकमेकांच्या घरचं खायचं. "खाने से ही दूरी मिटती है," मॅडम म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमना स्वतःला ज्वारी बाधायची, म्हणून त्यांच्यासाठी वत्सलाबाईंच्या घरून वरणभाताचा डबा यायचा.

इथे मला आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. सुगीच्या दिवसांत आमच्या बायका इरजिकीला जायच्या. आज हिच्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या तिच्या. प्रत्येकीच्या घरची भाकरी एकाच टोपल्यात जायची. मग आपली ओळखायची कशी? तर भाकरी तव्यावर टाकण्याआधी काठावर खूण करायची. आमच्या घरची खूण अंगठ्याची, माझ्या आजेसासूपासून चालत आलेली. वत्सलाबाईंच्या घरची तीन बोटांची, तीन खळगे शेजारी शेजारी. कुणी काडीनं भोक पाडायचं, कुणी काठ चिमटायचं. त्यात वाईट काही नव्हतं. उलट जिची भाकरी मऊ तिची खूण शोधून बायका हावऱ्यासारख्या उचलायच्या आणि मग तिचं कौतुक व्हायचं. ही सवय हातात इतकी मुरलेली, की पहिल्या दिवशी प्रशिक्षणाची भाकरी थापताना माझा अंगठा आपोआप काठावर गेला. सगळ्यांचंच तसं झालं. आमचे रामचंदर सार मूळचे मंचेरियलचे, तेलुगू शिकवायचे. त्यांची भाकरी घरमालकिणीनं करून दिली होती, तिनंही काडीचं भोक पाडलं होतं.

लक्ष्मीच्या भाकरीवर खूण नव्हती. मांगवाड्यातल्या बाया इरजिकीत राबायच्या, पण त्यांच्या भाकरी त्या टोपल्यात कधी गेल्याच नव्हत्या. त्या बांधाच्या पलीकडे बसून खायच्या. ओळखायचा प्रश्नच आला नव्हता, मग खूण कशाला लागणार?

तर पहिल्या दिवशी फडकं काढलं तेव्हा टोपलीत सात खुणेच्या भाकरी होत्या आणि एक कोरी. कुणी कुणाला खुणावलं नाही. कुणी काही ठरवलं नाही. हे मी शपथेवर सांगते, आणि हेच मला सगळ्यांत घाण वाटतं, की ठरवावं लागलं नाही. हात आत जात होते आणि कोरी भाकरी बाजूला सारून दुसरी उचलत होते. एक कमी पडणार हे दिसल्यावर मी म्हणाले, "माह्यं पोट जरा बरं नाई, मले अर्धीच पुरते," आणि शेजारच्या प्रमिलाबाईबरोबर एक भाकरी वाटून घेतली. फळा पुसून, कागदाचे कपटे गोळा करून लक्ष्मी सगळ्यांत शेवटी यायची. ते काम वत्सलाबाईंनीच तिला लावून दिलं होतं. ती आली तेव्हा टोपलीत दोन होत्या. स्वतःची घ्यायची नाही म्हणून तिनं दुसरी घेतली. तिची उरली. संध्याकाळी ती कुंपणाजवळच्या शेळीला घातली गेली.

दुसऱ्या दिवशी तसंच. शेळी आता वेळेवर कुंपणाशी येऊन उभी राहायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौदापाशी लक्ष्मीनं मला गाठलं. चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं, "बाई, मायीच भाकर काऊन उरून राह्यली?"

मी काय सांगायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी म्हणाले, "जाड होत असंन व. जरा पातळ थापत जा."

किती पटकन सुचलं. एवढ्या पटकन मला चांगलं काही आयुष्यात सुचलेलं नाही. लक्ष्मीनं मान हलवली. "हो ना, मायच्या हातची असते जाड. उद्या मीच थापतो," म्हणाली, आणि मला बरं वाटलं. तिला वाईट वाटू नये म्हणून आपण खोटं बोललो अशी मी स्वतःची समजूतही घातली. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बोललेली बहुतेक खोटी आपल्याच सोयीची असतात, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

तिसऱ्या दिवशी कोरी भाकरी पातळ होती. पापडासारखी. काठ कुठे चिरलेला नाही, मध्ये फुगा आलेला. उरली. चौथ्या दिवशी ती तूप लावून आली. मे महिन्यात, मांगवाड्यात तूप कुठून आणलं असेल तिनं? तुपाचा वास टोपलीभर पसरला होता. प्रमिलाबाई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तूप लावलं म्हंजे काय झालं?" आणि तोंडाला पदर लावून हसली. मी हसले नाही, असं मला लिहायचं होतं. मी हसले. शेळीनं ती भाकरी कचाकचा खाल्ली, तोंड चाटलं. लक्ष्मी पत्र्याच्या खांबाला टेकून बघत होती.

सकाळच्या सत्रात त्याच दिवशी मॅडम सांगत होत्या की मूल बोलत नाही तेव्हाही ते काही सांगत असतं. मी ते वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली.

पाचव्या दिवशी लक्ष्मी शेवटी आली नाही. सगळ्यांच्या आधी आली. आम्ही हात धुवायला गेलो होतो. परत आलो तर ती टोपलीपाशी उकिडवी बसलेली, फडकं एका हातात, आणि एकेक भाकरी न उचलता नुसती बघत होती. आम्हाला पाहून तिनं फडकं परत नीट झाकलं. त्या दिवशी ती जेवली नाही. डोकं दुखतं म्हणाली. मॅडमनी तिला कांदा हुंगायला दिला.

सहावा दिवस. फडकं निघालं आणि टोपलीत कोरी भाकरी नव्हती.

मला वाटलं, कंटाळून तिनं आणलीच नाही. मला हायसं वाटलं. हायसं! सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण त्या दिवशी जेवताना एकदम हसणं-खिदळणं सुरू झालं. भाकरी मोजायचं कुणाला सुचलं नाही. वत्सलाबाईंची तीन बोटांची भाकरी सगळ्यांना हवी असायची. त्या दिवशी माझ्या हाताला ती लागली. बघते तर रामचंदर सारांच्याही ताटात तीच खूण. मी म्हटलं, वत्सलाबाईंनी आज दोन आणल्या असतील. पाच दिवसांनी मला अख्खी भाकरी मिळाली होती. मऊ होती. वत्सलाबाईंची भाकरी चांगली असली तरी जाडसर असायची. ही पातळ, पदर सुटलेली. ठेच्याबरोबर मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली आणि ताटात पडलेला चुरा बोटानं टिपून खाल्ला.

शेवटी लक्ष्मी आली. टोपलीत एकच उरली होती, माझ्या अंगठ्याची. तिनं ती घेतली, बसली, सावकाश खाल्ली. मॅडमनी रिकामी टोपली उलटी करून सगळ्यांना दाखवली. "देखिए! आज कुछ नहीं बचा!" त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर लक्ष्मी म्हणाली, "हो मॅडम. आज मायी बी सरली."

मग वत्सलाबाईंनी विचारलं, "कोनती होती व तुयी?"

"तीन बोटाची."

"मायी खूण काऊन केली तुनं?"

"तुमचीच सगळ्यात पहिले सरते म्हनून." आवाज चढलेला नव्हता. "तुमी सगळ्याइनं खुना केल्या, म्या बी केली."

रामचंदर सार उठले. तोंडावर हात दाबून निंबोणीमागे गेले आणि आम्हाला ओकारीचा आवाज आला. बोटं घातल्याशिवाय तसा आवाज येत नाही. पुन्हा पुन्हा. चिरडलेल्या निंबोळ्यांवर ते सगळं पडलं असणार, आणि थोड्या वेळानं वासही आला. "क्या हुआ सर को?" मॅडम घाबरल्या. वत्सलाबाई म्हणाल्या, "कुछ नहीं मॅडम, धूप लग गयी." मॅडम मीठ-साखरेचं पाणी करायला धावल्या.

आणि मी बसून होते. एव्हाना मला कळून चुकलं होतं. पातळ, पदर सुटलेली, काठ कुठे न चिरलेला. लक्ष्मीची भाकरी माझ्या पोटात होती. सार तिकडे आतडी पिळून ओकत होते ती वत्सलाबाईंची, किराणा दुकानदाराच्या घरची भाकरी होती. मी दोन शब्द बोलले असते तर ती किळसवाणी ओकारी तिथेच थांबली असती, कदाचित कुणाला हसूही आलं असतं. पण मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. मी बोलले नाही. सारांना ओकू दिलं.

आणखी एक सांगायचं राहतंय, तेही सांगून टाकते. शाळेत मी ताठ बसले होते. मी काही सारांसारखी नाही, असं मनात म्हणतही होते. सूर्य मावळायच्या आत घरी पोचले, चपला दारात काढल्या, चुलीकडे न जाता सरळ मोरीत गेले आणि घशात दोन बोटं घातली. आलं काहीच नाही. पचली होती. राखेनं दात घासले, डोक्यावरून अंघोळ केली आणि मग कणगीतल्या ज्वारीला हात लावला. नवऱ्यानं विचारलं, अवेळी डोक्यावरून का? मी म्हटलं, लय गरम होऊन राह्यलं.

किळस भाकरीची नव्हतीच. भाकरी इतकी चांगली होती की मी चुरा टिपून खाल्ला होता. मग मोरीत बोटं कुणासाठी घातली? बघायला कुणी नव्हतं. लोक म्हणतात, माणूस लोकलाजेस्तव असं वागतो. मी तर एकटीच होते. इतकी वर्षं मी या एका गोष्टीशी येऊन अडते, आणि पुढे जाता येत नाही.

सातव्या दिवशी समारोप. मॅडमना खुणेचं कळलं होतं की नाही? मला वाटतं कळलं होतं. सकाळी त्यांनी लक्ष्मीला बाजूला घेऊन बराच वेळ काही विचारलं, परत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. टोपलीचा खेळ त्या दिवशी झाला नाही. पण त्यांना दुपारची बस गाठायची होती, ट्रस्टचे लोक आले होते, फोटो व्हायचे होते. त्यांनी आमच्या बगीच्याच्या तक्त्यापुढे उभं राहून भाषण केलं आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र दिलं. माझं प्रमाणपत्र मी काचेत बसवून घेतलं होतं. बरीच वर्षं ते बैठकीत लटकत होतं.

मॅडम गेल्यावर वत्सलाबाईंनी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. लक्ष्मीला घ्यावं की नाही, एका ओळीत, नाव न लिहिता. चिठ्ठी माझ्या हातात आली तेव्हा मला वहीतली ती सात-आठ नावं आठवली. ज्याच्या नावावर आम्ही हसलो होतो तोही आठवला. मी लिहिलं: मिळूनमिसळून वागत नाही, सहकाऱ्यांना फसवते. माझं अक्षर शाळेत सगळ्यांत वळणदार होतं. ते ओळखू येऊ नये म्हणून मी डाव्या हातानं लिहिलं. सगळ्या चिठ्ठ्यांवर फसवणूक हाच शब्द होता, असं वत्सलाबाईंनी वाचून दाखवलं. पाच दिवस आम्ही तिची भाकरी शेळीला घातली, त्याला नाव नव्हतं. तिनं काठावर तीन बोटं दाबली, तर तिला लगेच नाव मिळालं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पहिलीत नेहमीचीच मुलं होती. मी त्यांना गोलात बसवलं. मांगवाड्यातलं कुणी आलं नाही, आणि ट्रस्टच्या अहवालात त्याचं कारण पालकांची उदासीनता असं गेलं. तो अहवाल मीच लिहिला, उजव्या हातानं. लक्ष्मी पुढे कुठे गेली मला माहीत नाही. मंचेरियलकडे एका शाळेत लागली असं कुणीतरी म्हणालं होतं. मी चौकशी केली नाही. चौकशी करायला तोंड लागतं.

परवा सुवर्णा प्रशिक्षणाच्या गप्पा सांगून गेल्यावर मी रात्रीच्या भाकरी थापायला बसले. घरातच खायच्या, चार माणसं, टोपल्यात जायच्या नाहीत की इरजिकीला न्यायच्या नाहीत. तरी पहिलीच भाकरी तव्यावर टाकण्याआधी माझा अंगठा काठावर गेला आणि दाबून आला. मी ती परत मोडली, मळली, थापली. पुन्हा गेला. सुवर्णा म्हणाली, "असू द्या ना आई, काय होते?" मी तिला उठवून तिलाच थापायला लावल्या.

समारोपाच्या संध्याकाळी लक्ष्मी फाट्यावर बसची वाट बघत उभी होती. कापडी पिशवी खांद्याला, वही पिशवीतून डोकावत होती. त्याच रस्त्यानं मला जायचं होतं, टाळता येईना. मला वाटलं, बोलेल काहीतरी, शिव्या देईल, चिठ्ठीचं विचारेल. चिठ्ठ्यांचं तिला कळलेलं होतं. पण तिनं फक्त माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी हौदापाशी बघितलं होतं तसंच.

"बाई," ती म्हणाली, "सारांनं ओकली ते वत्सलाबाईची होती. मायी तुमच्या ताटात होती. फळा पुसता पुसता म्या पाह्यलं, तुमी चुरा बी खाल्ला." मग जरा थांबून, "पातळ झाली होती ना व बाई?"

बस आली. ती चढली. मी उत्तर दिलं नाही.

पातळ झाली होती.